वही चोख, पाठ लाल

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी घरी शुश्रूषा पुरवणाऱ्या संस्थेकडून माणूस घेतला, तर पहिल्या काही दिवसांत सहसा काही खटकत नाही. तेव्हा येते ती अनुभवी परिचारिका. संस्था फसवणारी असेल, तर घरच्यांचा विश्वास बसला आणि महिन्याचे पैसे आगाऊ भरले गेले, की ती ‘दुसऱ्या केसवर’ जाते. तिच्या जागी कसलंही प्रशिक्षण नसलेली व्यक्ती येते, दर मात्र परिचारिकेचाच लागत राहतो. रोज संध्याकाळी घरच्यांपुढे नोंदवही येते, आणि ती इतकी नीटनेटकी असते की कुणाला शंका येत नाही.

शंका तिथेच घ्यायला हवी. रोज रक्तदाब १२०/८०, रोज नाडी ७२, कूस बदलली बरोबर २, ४, ६ आणि ८ वाजता. आजारी माणसाचं शरीर असं वागत नाही आणि खरं काम असं घड्याळाच्या ठोक्याला होत नाही. दुपारी ३ वाजता न सांगता वही उघडा. ६ वाजताची नोंद आधीच झालेली दिसली, तर बाकीच्या पानांवरही विश्वास ठेवू नका.

पडताळा घरातच मिळतो. रक्तदाबाच्या बहुतेक डिजिटल यंत्रांत आणि साखर मोजायच्या ग्लुकोमीटरमध्ये जुन्या मोजण्या साठवलेल्या असतात, त्या वहीशी ताडून पाहा. यंत्रातली तारीख-वेळ आधी स्वतः लावून घ्या, नाहीतर निर्दोष माणसावर आळ येईल. साखर तपासायच्या पट्ट्याही मोजा. ५० पट्ट्यांची डबी आणि दिवसाला २ तपासण्या असतील, तर १० दिवसांनी ३० किंवा थोड्या कमी उरतात. ४५ उरल्या असतील, तर वहीतले आकडे मनाने लिहिलेले आहेत. ही फसवणूक सगळ्यांत घातक, कारण त्याच आकड्यांवर इन्सुलिनचा डोस ठरतो.

गोळ्यांची रिकामी पाकिटंही टाकू देऊ नका. रुग्ण दिवसभर गुंगीत असेल, तर झोपेच्या गोळ्या मोजा. रात्री त्रास नको म्हणून जादा गोळी देण्याचे प्रकार होतात. पण गुंगी साखर उतरल्याने किंवा जंतुसंसर्गानेही येते, म्हणून आधी डॉक्टरांना फोन, चौकशी नंतर.

आणि रोज एकदा रुग्णाचं अंग स्वतः पाहा. माकडहाड, नितंबांच्या बाजू, टाचा, घोटे, डोक्याची मागची बाजू. लाल जागा बोटाने दाबल्यावर फिकी पडत नसेल, तर शय्याव्रणाची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली आहे. सावळ्या त्वचेवर लाली लपते, तिथे आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागणारी जागा शोधा. ती चोळू नका, तिच्यावरचा भार काढा.

नाकातल्या नळीने अन्न देताना समोर उभे राहा. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली हवी आणि त्यानंतरही किमान अर्धा तास तशीच. आडवं ठेवून घाईने भरलेलं अन्न उलटून फुफ्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. लघवीची पिशवी मूत्राशयापेक्षा खाली, पण जमिनीला न टेकता टांगलेली असावी.

दोष दरवेळी समोरच्या माणसाचा नसतो. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि सेवा २४ तासांची, असा करार करून संस्था एकच माणूस पाठवते. तो झोपणार कधी? इतक्या कामाला किमान दोन पाळ्या लागतात. एका माणसावर २४ तास विकणाऱ्या संस्थेने न होणाऱ्या कामाचे पैसे घेतलेले असतात, आणि ते लपवायला वही खोटी भरावीच लागते. करारात प्रत्येक पाळीला येणाऱ्याचं नाव आणि पात्रता, बदली माणूस आल्यास कमी होणारा दर, वरिष्ठ परिचारिका रुग्णाला प्रत्यक्ष तपासायला कधी येणार, आणि सेवा थांबवल्यास उरलेले पैसे किती दिवसांत परत मिळणार, हे लिहून घ्या. परिचारिकेचं नोंदणीपत्र पहिल्याच दिवशी मूळ प्रतीत पाहा, आणि माणूस बदलला की नव्याने मागा.