नको असलेल्या ओळी काढायला नोटपॅड++, व्हीएस कोड, विम की ग्रेप?

समजा, सेटिंग्जच्या फाइलमधून `#` ने सुरू होणाऱ्या सगळ्या ओळी काढायच्या आहेत. `^#` हा पॅटर्न (`^` म्हणजे ओळीची सुरुवात) चारही ठिकाणी, म्हणजे नोटपॅड++, व्हीएस कोड आणि विम या एडिटरांत आणि ग्रेप या कमांडमध्ये, तोच चालतो. फरक पडतो तो दोन बाबतींत: ओळ जाण्याआधी ती नजरेखालून घालता येते का, आणि ओळीच्या शेवटचं न दिसणारं चिन्ह कोण सांभाळतं.

त्या चिन्हापायीच बहुतेकांची फसगत होते. `^#.*` (`.*` म्हणजे ओळीतला पुढचा सगळा मजकूर) शोधून त्या जागी काहीच न टाकता रिप्लेस ऑल केलं, तर मजकूर जातो पण ओळ जात नाही. फाइलभर रिकाम्या ओळी उरतात. नोटपॅड++ मध्ये पॅटर्नच्या शेवटी उलटी तिरकी रेघ, कॅपिटल आर आणि `?` जोडावं. विंडोज आणि लिनक्स, दोन्हींचे ओळीचे शेवट त्यात येतात आणि `?` मुळे फाइलची अगदी शेवटची ओळही सुटत नाही. डॉटने नवी ओळही धरावी, हा पर्याय मात्र बंद हवा. चालू राहिला तर `.*` पहिल्या जुळणीपासून थेट फाइलच्या शेवटापर्यंत सगळं गिळतं.

म्हणूनच एकदाच करायचं काम असेल तर नोटपॅड++ चा बुकमार्क मला सर्वांत भरवशाचा वाटतो. कंट्रोल+एम दाबा, रेग्युलर एक्स्प्रेशन (म्हणजे असे पॅटर्न, थोडक्यात रेगेक्स) निवडा, ओळीला बुकमार्क लावायच्या चौकटीत टिक करा आणि मार्क ऑल. अजून काहीच पुसलेलं नसतं. एफ२ दाबत एकेक खूण तपासता येते. `^` राहून गेलं असेल, तर `रंग = #334455` या कामाच्या ओळीलाही खूण लागलेली इथेच दिसते. मग सर्च मेनूतल्या बुकमार्कमधून खुणेच्या ओळी काढा. खूण नसलेल्या काढायचीही सोय तिथेच आहे.

व्हीएस कोडमध्ये कंट्रोल+एफ, रेगेक्ससाठी ऑल्ट+आर, सगळ्या जुळण्या निवडायला ऑल्ट+एंटर आणि ओळी उडवायला कंट्रोल+शिफ्ट+के. हात बसला की झटपट होतं, पण प्रत्येक जुळणीला एक कर्सर लागतो आणि कर्सरची मर्यादा मुळात 10,000 असते. त्याहून जास्त जुळण्या असतील तर उरलेल्या ओळी तशाच राहतात. तिथे रिप्लेस ऑलच वापरावं.

तेच काम रोज करायचं असेल तर विम. कोलन, जी, मग `/^#/` आणि डी: एवढ्यात पूर्ण ओळी जातात, शेवटच्या चिन्हाचा विचारच करावा लागत नाही. जीच्या जागी व्ही लिहिलं तर उलट, जुळणाऱ्या ओळीच उरतात. चुकलं तर यू एकदा दाबून सगळं परत येतं. मात्र इथे `+` आणि `|` यांच्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. दुसरीकडून उचललेला पॅटर्न विममध्ये काहीच न सापडता परततो, तो यामुळे.

काही जीबींची लॉग फाइल एडिटरमध्ये उघडूच नये. तिथे ग्रेपला उणे व्ही देऊन जुळणाऱ्या ओळी वगळाव्यात. निकाल नेहमी नव्या नावाच्या फाइलमध्ये घ्यावा: `>` ने त्याच फाइलकडे वळवला तर ग्रेप वाचायला लागण्याआधीच शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) ती फाइल रिकामी करतं, आणि तिथे अनडू नाही. विंडोजवरून आलेल्या फाइलमध्ये लिनक्सच्या ग्रेपला `^$` ने (`$` म्हणजे ओळीचा शेवट) रिकाम्या ओळी सापडत नाहीत, कारण प्रत्येक ओळीच्या टोकाला कॅरेज रिटर्न, म्हणजे विंडोजचं जादा न दिसणारं चिन्ह, उरलेला असतो. आधी तो काढावा, मग रिकाम्या ओळी.