शॅकशेजारी कोण शोभला: कोबी की वेड?

नेरूळच्या आमच्या बास्केटबॉल कोर्टवर रविवारी हा वाद ठरलेला: NBA, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला धिप्पाड शकील ओ'नील, म्हणजेच शॅक, याच्या जोडीला कोबी ब्रायंट जास्त शोभला की ड्वेन वेड? खेळून दमले की कट्ट्यावर कटिंग येतो आणि कुणीतरी काडी टाकतं.

कोबीच्या बाजूनं बोलायला 2000, 2001, 2002 अशा सलग तीन ट्रॉफ्या आहेत. पोर्टलंडविरुद्धच्या 2000 च्या मालिकेतला सातवा, निर्णायक सामना आठवा. चौथ्या क्वार्टरमध्ये दोघांचा संघ लेकर्स 15 गुणांनी मागे, आणि शेवटच्या मिनिटात कोबीनं बॉल रिंगपाशी उंच सोडला, शॅकनं हवेतच पकडून तो आत कोंबला. त्यावर कोण काय बोलणार? पण त्या तिन्ही फायनल्सचा सर्वोत्तम खेळाडू शॅकच होता, आणि कोबीला ते बोचत असणार असं मला आपलं वाटतं. दोघांनाही बॉल हातात हवा. 2004 मध्ये डेट्रॉइटकडून हरले आणि शॅक मायामीला गेला.

तिथे वेड. लांबून नेम यथातथाच, म्हणजे तोही शॅक उभा असतो तिथेच, रिंगपाशी घुसणार; त्यामुळे कागदावर जोडी जुळायला नको. पण 2006 पर्यंत शॅक उतरणीला लागला होता आणि त्यानं पोराला पुढे केलं. फायनलमध्ये वेडचे सरासरी 34.7 गुण!

आमच्याकडेही सहा फूट दोन इंचांचा एक दादा आहे, पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, ठाण मांडून बसणारा. मी आत घुसलो की त्याच्याच पाठीवर आदळतो. तो बाजूला सरकला तरच माझा लेअप, म्हणजे रिंगपाशी जाऊन अलगद टाकलेला बॉल.

म्हणून माझं मत वेडला. ट्रॉफ्या मोजायच्या असतील तर अर्थात कोबी.