नागपूरला पाठवायची हार्ड डिस्क: एनटीएफएस की एक्सफॅट?

माझं लग्नांचं शूटिंग दिग्रस-दारव्ह्याकडचं आणि एडिटिंग नागपूरला. हळदीपासून बिदाईपर्यंत दोन कॅमेरे फोर-के चालले की २०० जीबी सहज होतात. गावात अपलोडला ५ एमबीपीएस सलग मिळाले तरी तेवढा डेटा चढायला पावणेचार दिवस लागतील, आणि इथे सलग काहीच मिळत नाही. म्हणून डिस्क सकाळच्या एसटीने, ओळखीच्या माणसाच्या हाती जाते. माझ्याकडे विंडोज, एडिटर भाऊंकडे मॅक. नवीन डिस्क घेतलेले मित्र विचारतात, फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत, कोणती करू: फॅट३२, एनटीएफएस की एक्सफॅट? तेव्हा माझं उत्तर याच अनुभवातून येतं.

फॅट३२ चा विचार फार करू नका. एक फाइल ४ जीबीच्या वर गेली की ती घेत नाही. १०० एमबीपीएसवर रेकॉर्डिंग असेल तर सहा मिनिटांच्या आतच ती मर्यादा गाठली जाते. मंगलाष्टकांची सलग क्लिप त्यात मावणारच नाही. जुन्या टीव्हीवर छोटे व्हिडिओ दाखवायला एखादा पेन ड्राइव्ह तसा ठेवा, एवढंच.

खरा प्रश्न उरलेल्या दोघांचा, एनटीएफएस आणि एक्सफॅटचा आहे, आणि सुरुवातीला मी स्वतः एनटीएफएसच्या बाजूचा होतो. कारण लाईट. आमच्याकडे ती कधी जाईल सांगता येत नाही. एनटीएफएस आपल्या बदलांची नोंद, म्हणजे जर्नल, ठेवतं. मधेच वीज गेली तरी फोल्डरांची रचना बहुधा सावरते. एक्सफॅटमध्ये ही सोय नाही. हा मुद्दा मला आजही हलका वाटत नाही.

पण पहिल्याच सीझनला भाऊंचा फोन आला. “दादा, फाइली दिसून राह्यल्या, पण माही प्रोजेक्ट तुमच्या डिस्कमध्ये जाऊन नाही राह्यली.” मॅक एनटीएफएस वाचतो, त्यावर लिहीत मात्र नाही. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं, बहुधा विकतचं, आणि प्रत्येक फोटोग्राफरसाठी ते आपल्या मशीनवर टाका असं भाऊंना म्हणणं मला बरोबर वाटलं नाही. त्यांनी तयार व्हिडिओ दुसऱ्या डिस्कवर घेतला. ती यायला आणखी दोन दिवस गेले. तिकडे नवरीचे वडील रोज विचारत होते, रिसेप्शनला स्क्रीनवर दाखवायचं होतं. माझी डिस्क मात्र जशी गेली तशीच परत आली. डिस्क जाताना फुटेज नेते, येताना तयार काम आणते. एकाच बाजूने चालणारी डिस्क माझ्या कामाची नाही. माझा निर्णय तिथेच झाला: एक्सफॅट, कारण त्यावर विंडोज आणि मॅक दोन्ही लिहितात.

लिनक्सवाल्यांनाही एक सांगतो. भाच्याच्या मशीनवर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) आणि विंडोज दोन्ही आहेत. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू राहिलं की संगणक बंद केल्यावरही एनटीएफएसचा भाग अर्धवट झोपल्यासारखा राहतो, आणि लिनक्स तो फक्त वाचायला उघडतं. एक्सफॅटला हा त्रास मला आला नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये त्याची तांत्रिक माहिती खुली केल्यापासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, त्याची सोय आहे. फार जुनं लिनक्स असेल तर वेगळं पॅकेज टाकावं लागेल. शिवाय आपल्या कॅमेऱ्यातली ६४ जीबी आणि वरची एसडीएक्ससी कार्डं मुळात एक्सफॅटच असतात, म्हणजे कार्डापासून मॅकपर्यंत सगळीकडे एकच फॉरमॅट.

आता लाईटचं. एकदा कॉपी चालू असताना वीज गेली आणि एक्सफॅट डिस्क ‘दुरुस्त करा’ म्हणू लागली. विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं चेकडिस्क चालवल्यावर उघडली, शेवटच्या दोन क्लिपा मात्र अर्धवट निघाल्या. तेव्हा विचार केला तर लक्षात आलं, जर्नल रचना वाचवतं, अर्धी कॉपी झालेली फाइल पुरी करत नाही. एनटीएफएस असतं तरी त्या दोन क्लिपा मला कार्डावरूनच पुन्हा घ्याव्या लागल्या असत्या. कार्डं रिकामी केली नव्हती म्हणून निभावलं. त्यानंतर कॉपी यूपीएसवर किंवा लॅपटॉपवरच करतो, ‘इजेक्ट’ केल्याशिवाय वायर ओढत नाही, आणि नागपूरहून ‘सगळं उघडलं’ असा फोन येईपर्यंत कार्ड फॉरमॅट करत नाही.

तुमचा एडिटरही विंडोजवर असेल आणि डिस्क टेबलावरच राहणार असेल, तर एनटीएफएस घ्या. तिथे मी आग्रह धरणार नाही. हजारो लहान फाइली ठेवायच्या असतील तरी तेच बरं, कारण मोठ्या डिस्कवर एक्सफॅट छोट्या फाइलीलाही मोठी जागा अडवतं. पण डिस्क प्रवास करणार असेल आणि पलीकडे कोणतं मशीन असेल ते माहीत नसेल, तर मी एक्सफॅटच करून देईन. या सीझनला घेतलेल्या दोन्ही डिस्का तशाच केल्या आहेत.