तळघरात पाणी: पंप बसवावा, भिंतीला कोटिंग करावं, बाहेरून चर मारावा की तळघरच बुजवावं?

ऑगस्ट २०१९. आश्लेषाचा पाऊस लागला होता आणि बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घराच्या तळघरात गुडघाभर पाणी साचलं होतं. मागाचे दोन बीम आणि तयार साड्यांचे गठ्ठे खालीच होते. गठ्ठे सगळे गेले. दिवाळीनंतर आम्ही आतून चारही भिंतींना वॉटरप्रूफिंग करून घेतलं, मनासारखा पांढरा रंग दिला. २०२१ च्या जुलैत पाणी परत आलं, या खेपेला फरशी आणि भिंत जिथं मिळतात त्या सांध्यातून. कोटिंगचे पापुद्रे हातात येत होते. पंप लावायला आलेला गवंडी वाकून बघत म्हणाला, "काकू, पाणी भिंतीतनं येत न्हाई, खालनं उमाळा हाय." म्हणजे जमिनीतलंच पाणी दाबानं वर येत होतं.

तेव्हापासून वडगाव, अनगोळ, हिंदवाडीतलं कुणी विचारलं, की पंप घेऊ का कोटिंग करू, तर मी आधी विचारते, तुमच्या किंवा शेजारच्या विहिरीत पाणी किती वर आलंय?

बेळगावच्या जुन्या घरांतून विहिरी आहेत हे आपलं भाग्य. पुष्याच्या पावसात, म्हाताऱ्या पावसात, दोरीला दगड बांधून विहिरीत सोडा आणि जमिनीपासून पाणी किती खाली लागतं ते मोजा. मग तळघराची फरशी जमिनीपासून किती खोल आहे ते मोजा. पाणी ५ फुटांवर आणि फरशी ८ फुटांवर असेल, तर तुमचं तळघर ३ फूट पाण्यात उभं आहे. या ३ फुटांचा दाब फरशीच्या खालून दर चौरस मीटरला सुमारे ९०० किलो पडतो. वरून फासलेल्या थराला तो दाब ढकलून काढायला किती वेळ लागणार? पण विहिरीचं पाणी फरशीच्या बरंच खाली असूनही तळघर भिजत असेल, तर प्रश्न वेगळा आहे आणि खर्चही बराच कमी आहे.

पाणी कुठलं हे त्याच्या वागण्यावरूनही कळतं. पाऊस चालू असताना गढूळ पाणी येतं आणि पाऊस थांबला की थांबतं, ते रॅम्पवरून, झरोक्यातून किंवा गच्चीच्या पाइपातून आलेलं. रॅम्पच्या तोंडाशी उंबऱ्यासारखा उंचवटा करा, झरोक्याची कड वर घ्या, पाइपाचं पाणी भिंतीपासून लांब सोडा. बहुतेकदा एवढ्यावर काम होतं. घाण वास येणारं पाणी न्हाणीच्या जाळीतून किंवा संडासातून वर येत असेल तर ते गटार तुंबून उलटं आलेलं. त्याला लाइनवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप लागते, भिंतीला काहीही फासून उपयोग नाही. आणि स्वच्छ, गार पाणी मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवसांनी येत असेल, पाऊस उघडला तरी आठवडाभर येत राहत असेल, तर तो उमाळा. खरा पेच तिथंच आहे.

आधी उपसा, पण घाईनं नको

पाण्यात पाय घालण्याआधी वीज. मेन स्विच कोरड्या जागेतून बंद करता येत असेल तरच करा. बोर्ड तळघरात असेल तर हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनमनला बोलवा. तो येईपर्यंत कुणीही खाली उतरू नये, पाणी घोट्याएवढं असलं तरी.

पंपाचे तीन पर्याय बहुतेकांच्या हाताशी असतात. टाकी भरायचा अर्धा एचपीचा पंप घरात असतोच. पण तो स्वच्छ पाण्यासाठी केलेला आहे. चिखल आणि दोऱ्याचे तुकडे आत गेले की पंखा अडकतो, आणि पाणीही तो कमी फेकतो. २० बाय १५ फुटांच्या तळघरात २ फूट पाणी म्हणजे सुमारे १७,००० लिटर. मिनिटाला ४० लिटर काढणारा पंप त्याला सात तास घेईल. मिनिटाला २०० लिटर फेकणारा मड पंप दीड तासाच्या आत काम उरकतो, गढूळ पाणी त्याला चालतं, तो पाण्यात बुडवूनच ठेवायचा असतो. तिसरा शेतकऱ्यांकडचा रॉकेल किंवा डिझेलचा पंप. वीज गेलेली असते तेव्हा तोच खरा सोबती, आणि मोठ्या पावसात वीज जातेच. मात्र हे इंजिन किंवा जनरेटर तळघरात, जिन्यात, खिडकीजवळ ठेवू नका. त्याच्या धुराला वास येवो न येवो, बंद जागेत तो माणूस मारतो.

माझं मत, वर्षातून एकदाच पाणी येत असेल तर मड पंप भाड्यानं आणा. दरवर्षी येत असेल तर विकत घ्या.

आता घाईचं. बाहेरची जमीन पाण्यानं तुडुंब असताना तळघर झटक्यात रिकामं केलं, तर आतून भिंतीला आधार देणारं पाणी निघून जातं आणि बाहेरचा दाब तसाच राहतो. भिंत आत येते, फरशी फुगते. फूटभर पाणी काढा, भिंतीवर खडूनं खूण करा, रात्रभर थांबा. सकाळी पाणी परत खुणेवर आलं असेल तर बाहेरची पातळी उतरायची वाट बघा. कृष्णाकाठी, चिकोडी-अथणीच्या बाजूला किंवा निपाणीकडे वेदगंगेच्या काठाला ज्यांची घरं आहेत त्यांच्यासाठी हे दुप्पट खरं आहे. पूर दारात उभा असेल तर पंपाच्या मागे लागू नका, सामान वर न्या आणि नदी उतरू द्या.

आता कायमचा उपाय

आतून कोटिंग सगळ्यात सोपं, आठवड्यात होतं, घर खणावं लागत नाही, म्हणून सगळे तिथंच जातात. भिंतीत नुसती ओल असेल तर ते चांगलं चालतं. ओल आहे की खोलीतली दमट हवा भिंतीवर घामासारखी धरते, हे बघायला प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी टेपनं भिंतीला चिकटवा आणि एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतून. खोलीकडच्या बाजूला आले तर हवा खेळती करा, पैसे वाचले. पण दाबाखालच्या उमाळ्याला कोटिंग हे उत्तर नाही. पाणी बाहेरून ढकलतं आणि थर आत लावलेला असतो, म्हणजे ते त्याला सोलूनच काढतं. ओल्या भिंतीवर लावलं तर आणखी लवकर.

बाहेरून खणून, भिंतीच्या पाण्याकडच्या बाजूला वॉटरप्रूफिंग आणि पायथ्याशी खडी व भोकाचा पाइप टाकून चर काढणं, हे कामाच्या दृष्टीनं सगळ्यात पक्कं. दाब थराला भिंतीवर दाबून धरतो, आणि चरातून पाणी निघून गेल्यामुळे दाबच कमी होतो. अडचण जागेची. हिंदवाडी, टिळकवाडीत चारी बाजूंनी मोकळा प्लॉट असेल तर जरूर विचार करा, कोरड्या दिवसांत. शहापूर, वडगावच्या गल्लीत सामाईक भिंती, तिथं शेजाऱ्याच्या पायाशी कुदळ मारता येत नाही. काळ्या जमिनीत आणखी एक काळजी. ती माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. खणून काढलेली तीच माती परत भिंतीशी भरू नका, खडी आणि मुरूम भरा. खानापूरकडच्या तांबड्या चिऱ्याच्या जमिनीत पाणी भरभर चढतं आणि भरभर उतरतं, तिथं चर फार छान काम करतो, फक्त पाइपाला उतार आणि शेवटी पाणी सोडायला खालची जागा हवी.

उरला खड्डा आणि आपोआप चालणारा पंप. आम्ही शेवटी हेच केलं आणि गल्लीतल्या घरासाठी मी हेच सांगेन. तळघराच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात २ बाय २ फूट आणि अडीच फूट खोल खड्डा, भोकं पाडलेली सिमेंटची कडी, भोवती खडी. भिंतीच्या कडेनं बारीक पन्हळ काढून खड्ड्यात आणायची. पाणी चढलं की फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बटण, पंप चालू करतो. पाणी येतच राहतं, पण फरशीवर येत नाही. खालचं पाणी काढून घेतलं की फरशीखालचा दाबही कमी होतो.

पंप किती मोठा घ्यायचा ते दुकानदाराला विचारू नका, पावसाळ्यात स्वतः मोजा. हा खड्डा सुमारे २८० लिटरचा. रिकामा केल्यावर १४ मिनिटांत भरला तर आवक मिनिटाला २० लिटर. खड्ड्यापासून पाणी जितकं वर चढवायचं त्या उंचीवर पंप निदान दुप्पट फेकणारा हवा. आणि सगळेजण विसरतात ती गोष्ट, पाणी सोडायचं कुठं? ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलं तर तुंबलेली लाइन तुमच्याच न्हाणीतून ते परत देईल. भिंतीलगत सोडलं तर तेच पाणी झिरपून खड्ड्यात येईल आणि पंप रात्रभर एकच पाणी फिरवत बसेल. पावसाच्या गटारात सोडा, पण बळ्ळारी नाला भरला की आमच्या बाजूची गटारं स्वतःच भरतात, म्हणून पाइपाचं तोंड गटाराच्या काठापेक्षा वर ठेवा आणि पाइपात नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवा.

याची कमजोरी वीज. घरचा साधा इन्व्हर्टर अर्धा एचपीचा पंप सुरू होतानाचा झटका सहसा पेलत नाही. इलेक्ट्रिशियनकडून पंपाची सुरुवातीची ओढ मोजून मगच इन्व्हर्टर घ्या, नाहीतर गल्लीत दोघा-तिघांनी मिळून डिझेल पंप ठेवा.

तळघर बुजवणं मी शेवटी ठेवलं, पण ते वाईट नाही. विहिरीचं पाणी दर पावसाळ्यात फरशीच्या चार-पाच फूट वर येत असेल आणि खाली फक्त अडगळ असेल, तर मुरूम थरथर घालून, धुम्मस करून भरून टाका. भरण्याआधी इंजिनिअरला एकदा भिंती दाखवा, वरच्या मजल्याचे खांब खालून येत असतील तर विशेषच.

काहीही निवडलंत तरी पाणी गेल्यावर गादी, पुठ्ठा, प्लायवूड दोन दिवसांच्या आत बाहेर काढा, नाहीतर बुरशी धरते. गमबूट घालून धुवा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं पुसा, आणि त्यात संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळू नका. आमच्या तळघरात आता गठ्ठे दोन फूट उंच लोखंडी मांडणीवर असतात. मिरगाआधी मी खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतते आणि फ्लोट वर येऊन पंप चालू होईपर्यंत तिथंच उभी राहते.