नव्या पिस्तुलाचे ताठर मॅगझीन

लातूरजवळच्या शेतवस्तीवर राहायचे म्हणून परवान्यावर घेतलेले .३२ बोअरचे छोटे पिस्तूल हाताला नीट बसते, नेमही चांगला लागतो. तक्रार आहे ती मॅगझीनची, म्हणजे काडतुसे भरायच्या स्प्रिंगवाल्या डबीची. पहिल्याच दिवशी सहावे काडतूस भरताना स्प्रिंग इतकी अडली की अंगठ्याच्या नखाखाली रक्त साकळले. मग दोन्ही मॅगझिने पिस्तुलापासून वेगळी ठेवून डमी काडतुसांनी रोज १०-१२ वेळा भरली आणि रिकामी केली, कारण स्प्रिंग सैलावते ती मुख्यतः दाबण्या-सोडण्याने. पंधरवड्यात आठवे काडतूसही विनासायास बसू लागले. आत तेल मात्र सोडू नये. आमच्याकडच्या काळ्या मातीची धूळ त्याला चिकटते आणि काडतुसे वर ढकलणारी पट्टी अडकते. एवढ्या किमतीत काडतुसे भरण्याचे साधे प्लॅस्टिकचे साधन सोबत द्यायलाच हवे होते.