आठ पोर्टचा व्हीओआयपी गेटवे: अंबडच्या कारखान्यात आठ महिने वापरल्यावर

नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. शॉप फ्लोअर, स्टोअर, डिस्पॅच आणि गेटवरचे जुने बटणांचे फोन आम्ही आठ एफएक्सएस पोर्टच्या (साधा फोन लावायच्या खाचांच्या) व्हीओआयपी गेटवेला, म्हणजे साध्या फोनचे कॉल इंटरनेटवरून नेणाऱ्या डब्याला, जोडले आणि बाहेरची लाइन एसआयपी ट्रंकवर, म्हणजे इंटरनेटवरून मिळणाऱ्या फोन लाइनवर, घेतली. आवाज पहिल्या दिवसापासून स्वच्छ आहे. मला लिहायचंय ते फोन लागत नाही तेव्हा काय होतं, त्याबद्दल.

पावसाळ्यात एका सकाळी डिस्पॅचमधून निरोप आला, "दादा, ट्रान्सपोर्टवाला तासभर एंगेजच येतोय." तो एंगेज नव्हताच, आमचाच कॉल बाहेर जात नव्हता. आपल्याकडे एंगेज टोन आणि लाइन न मिळाल्याचा टोन, दोन्ही ४०० हर्ट्झचे. पहिला पाऊण सेकंद वाजतो आणि पाऊण सेकंद थांबतो, दुसऱ्यात हेच पाव-पाव सेकंदाने होतं. प्रेसच्या खडखडाटात हा फरक कुणाला कळणार? त्या दिवशी गाडी चार तास उशिरा सुटली, आणि ते मला फार लागलं.

गेटवेचा लॉग (कॉलच्या नोंदी) उघडला तर ओळीने ४०८ हा कोड, म्हणजे समोरून उत्तरच नाही. यूडीपीवर (पोच न घेता डेटा पाठवायच्या पद्धतीत) गेटवे अर्ध्या सेकंदापासून दुप्पट-दुप्पट अंतराने विनंती पाठवत राहतो आणि ३२ सेकंदांनी सोडून देतो. तोवर रिसीव्हरमध्ये नुसती शांतता. गंमत म्हणजे सेवा देणाऱ्याचा दुसरा सर्व्हर त्या वेळी व्यवस्थित चालू होता. आमचा गेटवे तिकडे वळलाच नाही, कारण प्रॉक्सीच्या (सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरच्या) रकान्यात डोमेन नावापुढे मी ५०६० हा पोर्ट क्रमांक लिहिला होता. २००२ च्या आरएफसी ३२६३ या इंटरनेट मानकाप्रमाणे पोर्ट लिहिलेला असला की एसआरव्ही रेकॉर्ड (एका नावामागचे सगळे सर्व्हर आणि त्यांचा क्रम सांगणारी नोंद) बघितलाच जात नाही, थेट नावाचा पत्ता काढला जातो. दुसऱ्या सर्व्हरची माहिती मात्र एसआरव्हीतच होती. पोर्ट खोडला, एसआरव्ही चालू केलं. त्यानंतर पहिला सर्व्हर दोनदा पडला, ते आम्हाला लॉग बघूनच कळलं.

ती ३२ सेकंदांची मुदतही ६ वर आणली. दुसऱ्या सर्व्हरकडे वळण्याआधी ती पूर्ण संपावी लागते, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. डीएनएसच्या (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) दोन्ही रकान्यांत आधी राउटरचाच पत्ता होता. राउटर अडकला की इंटरनेट चालू असूनही नाव सापडायचं नाही. आता तिथे ८.८.८.८ आणि १.१.१.१ हे सार्वजनिक डीएनएस आहेत.

सगळ्यात उपयोगी पडली ती कारणानुसार संदेश लावायची सोय. अकाउंट्सच्या ताईंनी कॅन्टीनचं दार लावून आमच्यासाठी रेकॉर्डिंग केलं: "नेटवर्क बंद आहे. ऑफिसला मोबाईलवरून कळवा. अॅम्ब्युलन्स हवी असेल तर मोबाईलवरून १०८ लावा." हा संदेश ४०८ आणि ५०३ (सेवा उपलब्ध नाही) या कोडना लावला. ४०४ (नंबर सापडला नाही) ला "नंबर तपासा", आणि ४८६ (समोरचा खरंच एंगेज) ला साधा एंगेज टोन. एमपी३ फाइल गेटवेने कारण न सांगता नाकारली; ८ किलोहर्ट्झ, मोनो, १६ बिट डब्ल्यूएव्ही केल्यावर घेतली. परवा गेटवरच्या काकांचा मोबाईलवर फोन आला, "साहेब, फोनमधून ताई सांगतायत नेटवर्क बंद आहे." रॅकमधल्या स्विचची पिन सैल झाली होती, दहा मिनिटांत काम झालं. पूर्वी हेच दुपारी जेवणाच्या वेळी कळलं असतं.

तक्रारी दोन. एका कारणाला एकच फाइल लागते, म्हणून मराठी आणि हिंदी एकापाठोपाठ जोडावं लागलं, आणि हिंदी बोलणाऱ्या पोरांना मराठी संपेपर्यंत थांबावं लागतं. दुसरी तक्रार गंभीर आहे. एसआरव्ही बंद असलं तर गेटवे नावाचा पत्ता चालू होताना एकदाच काढतो आणि रीस्टार्ट होईपर्यंत तोच धरून बसतो, टीटीएल (तो पत्ता वापरायची मुदत) संपला तरी. सपोर्टवाल्यांना तीनदा लिहिलं, उत्तर एकच: रीस्टार्ट करा. ज्यांचा ट्रंक एसआरव्ही देत नाही, त्यांनी नवं फर्मवेअर येईपर्यंत हा गेटवे घेऊ नये.