विमान का पडलं ते लिहून ठेवणारा रेडिओ: आठ महिन्यांनंतर

आमच्या माळावर आरसी (रेडिओने उडवायचं छोटं) विमान पडलं की एकच वाक्य ऐकू येतं, "सिग्नल गेला." मीही चार वर्षं हेच म्हणत आलो. ऑक्टोबरमध्ये एजटीएक्स या सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ (हातातला रिमोट) आणि विमानात बसणारा, ईएलआरएस या रेडिओ-लिंकचा रिसीव्हर घेतला, तो लॉगसाठीच, म्हणजे उड्डाणाच्या नोंदींसाठीच. स्टिक कुठे होत्या, लिंक (रेडिओ आणि विमानातला संपर्क) किती टक्के होती, रिसीव्हरला किती व्होल्ट मिळत होते, सगळं एसडी कार्डावर उतरतं. मात्र रेडिओच्या मेनूतल्या स्पेशल फंक्शनमध्ये जाऊन लॉग स्वतः चालू करावा लागतो. मी ०.२ सेकंदांचं अंतर ठेवलंय. फाइल घरी साध्या स्प्रेडशीटमध्ये उघडते.

या काळात माझं चार सर्व्होंचं (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटर) फोमचं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, पाच वेळा पडलं. लिंक हळूहळू खालावत गेलीय, असं एकाही लॉगमध्ये दिसलं नाही.

तीन वेळा चित्र तेच: उतरण्याआधीचं शेवटचं वळण, थ्रॉटल (मोटरचा जोर) जवळजवळ बंद, आणि एलिव्हेटरची (नाक वर-खाली करणारी) स्टिक पूर्ण मागे ओढलेली. म्हणजे स्टॉल: वेगाच्या मानाने नाक फार वर ओढल्याने पंखांची उचल तुटणं. ६० अंश कलून उंची राखत वळताना पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. हे वाचून माहीत होतं, पण तो माझाच अंगठा होता हे आकड्यांत बघितल्यावर सवय बदलली. आता वळणाआधीच थोडा थ्रॉटल देतो.

चौथ्या वेळी स्टिक पूर्ण पुढे असूनही विमान नाक वर करून चढत होतं. बॅटरीचा पट्टा सुटून ती मागे सरकली होती, सी.जी. (गुरुत्वमध्य) बिघडला होता.

पाचवी घटना लॉगशिवाय मला कधीच उलगडली नसती. लिंक १०० टक्के, व्होल्टेज ५.०, मग ४.७, मग ४.३, आणि पुढच्या ओळीपासून टेलिमेट्रीच (विमानाकडून रेडिओला येणारी माहिती) बंद. सिग्नल नव्हे, रिसीव्हरची वीज गेली होती. घरी प्रॉप (पुढचा पंखा) काढून रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलला मीटर लावला, सगळ्या स्टिक एकदम फिरवल्या. एका एलरॉनचा (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) सर्व्हो कण्हत होता, हाताला चटका बसेल इतका तापला होता. एलरॉनला ढकलणारी त्याची तार फोमच्या खाचेत अडकत होती. त्यात ईएससीमधला (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) बीईसी, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होंना ५ व्होल्ट पुरवणारा भाग, लिनिअर प्रकारचा. ३ सेलच्या लिपो बॅटरीचे १२.६ व्होल्ट ५ वर आणताना उरलेलं सगळं तो उष्णतेत घालवतो, आणि भार वाढला की मान टाकतो. खाच मोठी केली, ५ अँपिअरचा वेगळा बीईसी (यूबीईसी) लावला, आणि जुन्या बीईसीची वीज रिसीव्हरला जाऊ नये म्हणून ईएससीच्या प्लगमधली लाल वायर काढून टेपने गुंडाळली. त्यानंतर सत्तरेक उड्डाणं झाली, व्होल्टेज ४.९च्या खाली आलेलं नाही.

उणिवाही सांगतो. काही मिलिसेकंदांचा झोल सेकंदाला पाच नोंदींत निसटू शकतो. दुरुस्तीनंतर एलरॉन उलटे जोडले गेले, तर लॉगमध्ये स्टिक बरोबरच दिसेल. ती तपासणी उड्डाणाआधी डोळ्यांनीच करायची. रेडिओचं घड्याळ चुकलं असेल तर फाइलवर तारीखही चुकीची पडते. आणि हवेतला वेग यात नाही. पावसाळ्यात हा वेग मोजणारा पिटो ट्यूबचा सेन्सर बसवणार आहे, कारण स्टॉलच्या तिन्ही लॉगमध्ये मी शोधत होतो तो रकाना तोच होता.